पहिल्या फळाची घाई नको, आशा मात्र सोडू नका

नुकतीच ध्यानाला सुरुवात केलेल्या, एखाददुसरं शिबिर करून आलेल्या किंवा वर्षानुवर्षं विहारात जाऊन त्रिसरण-पंचशील घेणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. दहा दिवसांचं शिबिर आटोपून इगतपुरीहून परतलेल्यांशी बोलताना दोन गोष्टी हमखास कानावर येतात. काही जण आवाज खाली आणून विचारतात, सातव्या दिवशी मला असं असं झालं, म्हणजे मी स्रोतापन्न झालो का? आणि बाकीचे बरेच जण म्हणतात, ते सगळं भिक्खूंचं, घरसंसारातल्या माणसाचं ते काम नव्हे, आपलं मन थोडं शांत झालं तरी पुष्कळ. दोन्ही बोलण्यांत माणसाचं नुकसान आहे. पोचलो असं वाटलेला चालायचा थांबतो आणि आपलं काम नव्हे म्हणणारा घरातून निघतच नाही. म्हणून स्रोतापन्न होणं ही पहिली पायरी नेमकी काय आहे, ते एकदा नीट समजून घ्या.

बुद्धाने दाखवलेल्या मार्गावर चार टप्पे सांगितले आहेत: स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी आणि अर्हत. माणसाला संसाराशी बांधून ठेवणारी बंधनं दहा मोजली आहेत, त्यांना संयोजनं म्हणतात. पहिल्या टप्प्यावर त्यातली तीन तुटतात, आणि ती कायमची तुटतात. दुसऱ्यावर कामवासना आणि द्वेष ही पुढची दोन ढिली पडतात, तिसऱ्यावर ती मुळासकट जातात. उरलेली पाच अर्हत होताना सुटतात. हा हिशेब पाठ करून ठेवा. स्रोतापन्नाचा राग संपलेला नसतो, वासना संपलेली नसते, अहंकारही पुरता गेलेला नसतो. जी तीन गेलेली असतात ती आपल्याकडे अजून आहेत का, एवढंच आपण तपासायचं आहे.

त्यातलं पहिलं म्हणजे सत्कायदृष्टी. या शरीरात, या मनात एक कायमचा मालक बसलेला आहे आणि हे सगळं त्याचं आहे, अशी पक्की समजूत. ही समजूत आपण कुठे शिकलेलो नसतो, म्हणूनच ती पकडणं अवघड जातं. उदाहरण घ्या. ऑफिसात साहेबांनी चारचौघांत तुमची चूक काढली. कानशिलं तापतात, पोटात गोळा येतो, श्वास आखूड होतो. त्यापाठोपाठ मनात वाक्य उमटतं, ‘माझा अपमान झाला.’ ते वाक्य आलं की तापलेल्या कानांना एक मालक मिळतो, आणि मग घरी जाईपर्यंत, जेवताना, रात्री कूस बदलताना तोच मालक साहेबांना उत्तरं देत राहतो. साधना करणाऱ्याला कधीतरी दिसतं की कान तापणं ही एक घटना होती, वाक्य उमटणं ही दुसरी. दोन्ही कारणाने आल्या आणि कारण संपल्यावर गेल्या. त्यांच्यामागे बसलेला कोणी शोधूनही सापडला नाही. असं एकदा दिसणं ही सुरुवात. ते इतकं स्पष्ट दिसणं की पुन्हा मालकावर विश्वासच बसू नये, ही ती पायरी. बोलण्यातला ‘मी’ मात्र राहतो. ‘मी आहे’ असा जो सूक्ष्म मान, तोही राहतो. तो दहा संयोजनांच्या यादीत आठवा आहे, आणि थेट अर्हताचाच सुटतो.

हे दिसायला किती वेळ लागावा? सारनाथला पहिला उपदेश झाला तेव्हा समोर पाच जण होते. पाचही जण तपश्चर्येत मुरलेले, आणि सांगायला साक्षात बुद्ध. त्या दिवशी एकट्या कौंडिण्याला दिसलं की जे जे उत्पन्न होतं ते ते नाश पावणारं आहे. बाकीच्या चौघांना आणखी काही दिवस लागले. आपल्याला एका शिबिरात काहीच झालं नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांनी त्या चौघांची आठवण ठेवावी.

दुसरं बंधन विचिकित्सा, म्हणजे या मार्गाविषयीची डळमळ. प्रश्न विचारणं म्हणजे विचिकित्सा नव्हे, ते जरूर विचारा. केसपुत्त गावच्या कालाम लोकांना बुद्धाने प्रश्न विचारल्याबद्दल शाबासकीच दिली होती. आज हे, उद्या ते, परवा आणखी कोणी बाबा, असं जे मन भटकतं, ती विचिकित्सा. ज्याने स्वतः पाहिलं त्याची ती संपते, कारण आता त्याला कोणाच्या शब्दावर विसंबायचं नसतं.

तिसऱ्यावर थोडं थांबायला हवं, कारण त्यात आपण सगळेच अडकलेलो आहोत. शीलव्रतपरामर्श म्हणजे एखादा विधी, एखादं व्रत, एखादी बाह्य शिस्त आपल्याला आपोआप तारून नेईल हा भरवसा. आपल्याला वाटतं की उपासतापास आणि नवससायास सोडले म्हणजे हे बंधन तुटलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी जुनी कर्मकांडं सोडण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या, त्याचं मोल फार मोठं आहे. पण हे बंधन नव्या कपड्यांतही येतं. पांढरी साडी, मेणबत्ती, पाली गाथांचा बिनचूक उच्चार, रविवारची हजेरी यांनाच धम्म समजलो की ते आलं. सकाळ-संध्याकाळ तासभर मांडी घालून बसणं झालं की दिवसाचा कोटा पुरा, मग दिवसभर कसंही वागावं, असं वाटू लागलं की तेही तेच. गाथा म्हणा, तासभर बसाही. पण त्या तासाने आपल्या वागण्यात काय हललं, हे बघितल्याशिवाय उठू नका.

या तिन्हींत कुठेही दिवे दिसणं, अंगभर तरंग उठणं, देहाचं भान हरपणं नाही. तरीसुद्धा ‘झालं का?’ हा प्रश्न जवळजवळ नेहमी अशाच अनुभवांवरून विचारला जातो. हा घोटाळा नवा नाही. पाचव्या शतकात बुद्धघोषाने श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला, त्यात साधकाला चकवणाऱ्या दहा गोष्टींची यादीच दिली आहे: प्रकाश, प्रीती, शांती, सुख, तल्लख समज, जोमदार उत्साह वगैरे. साधना नीट चालली असतानाच त्या येतात, त्यामुळे चकवा बसतो. साधकाला वाटतं, असं मला आजवर कधी झालं नव्हतं, म्हणजे फळ मिळालं. मग तो साधना सोडून त्या सुखालाच धरून बसतो. हा ग्रंथ देवनागरीत आपल्यापर्यंत आणणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून ते घर सोडून निघाले, १९०२ साली सिलोनला पोचले आणि पाली शिकले. मराठी माणसाला हा वारसा घरचा आहे, तो वापरा.

त्याच ग्रंथात एक गोष्ट आहे. महानाग नावाचे एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, होते. विद्वान, शांत, भिक्खूंचे आचार्य. आपण अर्हत झालो आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. धम्मदिन्न नावाच्या शिष्याच्या लक्षात आलं की गुरूंचं काहीतरी चुकतं आहे. तो भेटायला गेला. एकामागून एक अवघड प्रश्न विचारले, थेरांनी सगळ्यांची चोख उत्तरं दिली. हे ज्ञान आपल्याला कधी झालं, असं त्याने विचारलं. थेर म्हणाले, साठ वर्षं झाली. मग त्याने विनंती केली की आपल्या ऋद्धीने एक हत्ती निर्माण करा. थेरांनी पांढराशुभ्र हत्ती उभा केला. तो कान पसरून, शेपूट ताठ करून, सोंड तोंडात घालून भयंकर चीत्कार करत सरळ आपल्या अंगावर येतो आहे असं करा, असं शिष्य म्हणाला. थेरांनी तसं केलं, आणि स्वतःच निर्माण केलेला तो हत्ती धावून येताना पाहून उठून पळू लागले. शिष्याने हात पुढे करून त्यांच्या चीवराचा काठ धरला आणि विचारलं, भंते, ज्याचे सगळे विकार क्षीण झाले त्याला भीती वाटते का?

थेरांनी ते त्या क्षणी मान्य केलं. आपण अजून सामान्य माणूसच आहोत हे ओळखून ते शिष्याच्या पायाशी उकिडवे बसले आणि मला आधार दे म्हणाले. शिष्याने सांगितलेलं कर्मस्थान, म्हणजे ध्यानाचा विषय, घेऊन ते चंक्रमणाला, म्हणजे चालत करायच्या ध्यानाला, गेले, आणि तिसऱ्या पावलाला त्यांचं काम पूर्ण झालं, असं ग्रंथ सांगतो. हत्तीवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला या गोष्टीत फार धीर वाटतो. साठ वर्षांची समजूत चुकीची निघाली, तीही शिष्यासमोर, आणि त्या म्हाताऱ्या माणसाने सबबी सांगितल्या नाहीत. आपल्यापैकी कोणाला असा चीवराचा काठ धरणारा माणूस असेल तर त्याला जपा.

आता उलट बाजू. पुष्कळ साधक स्वतःला विनाकारण नापास करतात, कारण त्यांना वाटतं की मार्गावर असलेल्या माणसाला दुःख होऊच नये. बायको आजारी पडली आणि रडू आलं, मुलावर ओरडलो, म्हणजे इतकी वर्षं फुकट गेली, असं ते म्हणतात. विशाखेची हकीकत वाचा. श्रावस्तीतली ही मोठी उपासिका, लहानपणीच स्रोतापन्न झालेली, असं परंपरा मानते. तिची लाडकी नात वारली. भर दुपारी, ओल्या कपड्यांनिशी, ओल्या केसांनिशी ती बुद्धाकडे आली. बुद्धाने तिला विचारलं, श्रावस्तीत जेवढी माणसं आहेत तेवढी मुलं-नातवंडं तुला असावीत असं वाटतं का? ती हो म्हणाली. मग श्रावस्तीत रोज किती माणसं मरतात, असं विचारलं. दहा, नऊ, कधी एखादं, पण एकही मेलं नाही असा दिवस जात नाही, असं तिने सांगितलं. मग तुझे केस आणि कपडे कधी कोरडे राहतील का, हा पुढचा प्रश्न होता, आणि विशाखेला कळलं. कोणी तिला असं म्हटलं नाही की तू रडतेस म्हणजे तुला काही मिळालेलंच नाही.

आनंदाचंही तेच. पंचवीस वर्षं बुद्धाची सेवा केलेला, सगळे उपदेश मुखोद्गत असलेला आनंद त्या सगळ्या काळात स्रोतापन्नच होता. कुशीनगरला बुद्धाचा अंत जवळ आला तेव्हा तो विहारात जाऊन दाराच्या चौकटीला धरून रडला. मी अजून शिकणाराच आहे आणि माझे गुरू चालले, हे त्याचं दुःख होतं. पुढे राजगृहाला भरलेल्या भिक्खूंच्या संगीतीच्या आदल्या रात्री तो अर्हत झाला. तेव्हा रडू आल्याने काही सिद्ध होत नाही, आणि न आल्यानेही होत नाही.

मग पाहायचं काय? मला एक कसोटी फार उपयोगाची वाटते. स्रोतापन्नाच्या हातून चूक होऊ शकते, पण ती त्याला लपवून ठेवता येत नाही, असं सुत्तांत सांगितलं आहे. ही कसोटी घरी लावून बघा. वडील गेल्यावर शेताच्या वाटण्या झाल्या, तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती का? ती राजीखुशीने होती, की माहेर तुटेल या भीतीने? चोळी-बांगडी देऊन मिटवलेल्या त्या प्रकरणाला दुसरं शील, म्हणजे न दिलेलं न घेण्याचं, लागू होत नाही, असं आपण कधी ठरवलं? ध्यानाला बसल्यावर तो विषय मनात आला की आपण चटकन श्वासाकडे पळतो का? ज्या दिवशी पळणं बंद होईल आणि बहिणीला फोन लावावासा वाटेल, तो दिवस मी कुठल्याही प्रकाशापेक्षा मोठा मानेन.

आणि जे काही झालं आहे असं वाटेल, त्याचा गाजावाजा करू नका. यामागेही एक इतिहास आहे. वज्जी देशात दुष्काळ पडला होता. वग्गुमुदा नदीकाठी वर्षावास करणाऱ्या भिक्खूंनी भिक्षा मिळावी म्हणून युक्ती काढली: गावकऱ्यांसमोर एकमेकांची स्तुती करायची. अमुक भिक्खू स्रोतापन्न, तमुक अर्हत. लोकांनी स्वतः न खाता, आईबापांना आणि मुलाबाळांना न देता त्यांना अन्न दिलं. पावसाळा संपल्यावर सगळीकडचे भिक्खू वैशालीला बुद्धाच्या दर्शनाला आले. इतर सगळे हडकलेले आणि हेच तेवढे गुबगुबीत. खरा प्रकार कळल्यावर बुद्धाने अशा माणसाला जगातला सर्वांत मोठा चोर म्हटलं. प्राप्ती नसताना तिचा जाणूनबुजून दावा करणाऱ्या भिक्खूला संघातून कायमचं बाहेर काढणारा नियम तिथून आला. प्राप्ती खरी असली तरी ती गृहस्थांना सांगायची नाही, असाही नियम आहे. तेव्हा कोणी स्वतःला स्रोतापन्न म्हणवून घेत असेल, पैसे घेऊन इतरांना तसं प्रमाणपत्र देत असेल, तर त्याच्याकडे जाऊ नका. तुमच्या आयाबहिणींनाही जाऊ देऊ नका.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. साधनेत सुख येतं तसे भीतीचे, उदासीचे, सगळं नकोसं वाटण्याचे टप्पेही येतात. जुन्या ग्रंथांत त्यांचीही नोंद आहे. पण प्रत्येक भीतीला ज्ञान म्हणून गोंजारू नका. झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू लागलं, तर साधना थांबवा, आचार्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर शिबिराच्या अर्जात खरं लिहा, आणि ध्यान करतो म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. यात कमीपणा नाही. घरच्यांनीही ‘ध्यानाने सगळं बरं होतं’ म्हणून कोणाला शिबिरात ढकलू नये.

आता ‘आपलं ते काम नव्हे’ म्हणणाऱ्यांसाठी. अनाथपिंडिक व्यापारी होता, मालाची खरेदी-विक्री, देणी-घेणी, सुना-मुलं सगळं सांभाळणारा. राजगृहाला कामासाठी गेला असताना पहाटे अंधारात सीतवनात बुद्धाला भेटला आणि तिथेच त्याला धम्मचक्षू मिळाले, म्हणजे तो स्रोतापन्न झाला. त्यानंतरही तो व्यापारीच राहिला. सुप्पबुद्ध नावाचा कुष्ठरोगी, दरिद्री माणूस गर्दी बघून इथे काही खायला मिळेल म्हणून आला, कडेला बसला, ऐकलं आणि स्रोतापन्न झाला. संसारात राहून या पायरीवर पोचलेले आपले उपासक पाचशेहून अधिक आहेत आणि उपासिकाही तितक्याच, असं बुद्धाने वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाला सांगितल्याचं सुत्तात नोंदलेलं आहे. मग आपण कोण आपली नावं आधीच खोडणारे?

स्रोतापन्नाला जास्तीत जास्त सात जन्म उरतात, असं परंपरा सांगते. पुनर्जन्माबद्दल बाबासाहेबांनी वेगळा विचार मांडला आहे, आणि तो मानणाऱ्या वाचकांना सात जन्मांची भाषा पटणार नाही. त्यावर वाद घालत बसू नका. ती तीन बंधनं याच जन्मात, याच घरात तपासता येतात.

करायचं काय, तेही चार गोष्टींत सांगितलं आहे: सज्जनांची संगत, सद्धर्माचं श्रवण, योग्य रीतीने मनन आणि धम्माला धरून आचरण. संगतीला मी सर्वांत वर ठेवतो. मोठ्या नावाचा गुरूच हवा असं नाही. वर्षानुवर्षं साधना करणारा, व्यवहारात चोख आणि तुमच्या तोंडावर तुमची चूक सांगणारा एक माणूस शोधा आणि महिन्यातून एकदा तरी त्याच्याजवळ बसा. वाचायला कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घ्या, बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घ्या, रोज दोन पानं, घाई न करता. आणि आपली प्रगती स्वतःला विचारण्यापेक्षा वर्षाने एकदा घरच्यांना विचारा: माझ्या वागण्यात काही फरक पडला आहे का? उत्तर ऐकताना मधे बोलू नका.

वय झालेल्या वाचकांची एक शंका मला माहीत आहे: आता किती दिवस राहिले, आणि शेवटच्या क्षणी मन ठिकाणावर नसलं तर? हीच शंका शाक्यांच्या महानामाने बुद्धाला विचारली होती. संध्याकाळी कपिलवस्तूत शिरताना हत्ती, घोडे, रथ, गाड्या, माणसं यांच्या गर्दीत माझं भान सुटतं, तेव्हा मरण आलं तर माझं काय होईल? बुद्धाने त्याला भिऊ नकोस म्हटलं. पूर्वेकडे झुकत वाढलेलं झाड मुळाशी तोडलं तर ते झुकलेल्या बाजूलाच पडतं, आणि तुझं मन श्रद्धा, शील, श्रुत, त्याग आणि प्रज्ञा यांत दीर्घकाळ मुरलेलं आहे. तेव्हा वयाचा हिशेब सोडा आणि उद्या सकाळी आनापानाला बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. रात्री झोप लागली नसेल तर दहाच मिनिटं बसा. आणि बहिणीचा तो फोन राहिला असेल, तर तो आधी करा.